रोडगे सगळ्यांचे, वाक्यं काकूंची: पाककृतींच्या एका पुस्तिकेवरून उभं राहिलेलं कॉपीराइटचं प्रकरण

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात महिला बचत गटाने पाककृतींची पुस्तिका काढली. पुढे शहरातल्या एका प्रकाशकाचं रंगीत पुस्तक बाजारात आलं आणि त्यात या पुस्तिकेतल्या निम्म्याहून अधिक पाककृती सापडल्या. "आमच्या पाककृती चोरल्या" म्हणून गटातल्या बायका संतापल्या, आणि त्यांचा संताप खरा होता. पण त्यांनी मांडलेल्या तक्रारीचा मोठा भाग कायद्यापुढे टिकणारा नव्हता. जो भाग टिकणारा होता, तो त्यांनी तक्रारीत लिहिलाच नव्हता. गावोगावचे गट आता अशी पुस्तकं काढू लागले आहेत, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडत आहे. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही.

पुस्तिका कशी तयार झाली

पुस्तिकेचा जीव म्हणजे गावातल्या एक काकू. वय साठीच्या पुढे, शिक्षण चौथीपर्यंत. लग्न असो, तेरवी असो की नवसाची, गवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांची पंगत, चूल काकूंच्या हुकमावर चालते. गटाच्या सचिव असलेल्या ताई बी.ए. झालेल्या. काकू बोलायच्या, ताई मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यायच्या आणि रात्री वहीत उतरवायच्या. बोलणं वऱ्हाडी, तसंच वहीत आलं.

ताईंनी एक गोष्ट फार विचारपूर्वक केली. भाज्या, आमट्या, गोड पदार्थ असे नेहमीचे विभाग न करता त्यांनी पुस्तिका शेतातल्या कामांवर लावली: पेरणीचे दिवस, निंदणाची शिदोरी, वेचणीचा डबा, तुरीचे सोले, हळद उकडताना, वाळवण. कापूस वेचायला जाणारी बाई सकाळी डब्यात काय नेते, हळदीच्या कढईपाशी रात्र काढणाऱ्या माणसांना काय खायला लागतं, हे त्या मांडणीत आपोआप येतं.

मग एक प्रशिक्षक मॅडम आल्या. त्यांनी पाककृती 'प्रमाणित नमुन्यात' बसवायला सांगितल्या: वर साहित्य, खाली कृती, वाक्यं आखूड, माप वाटी-चमच्यात, बोलीभाषा काढून टाकायची. हेतू चांगलाच होता. साठेक पाककृतींपैकी निम्म्या अशा घासूनपुसून झाल्या आणि प्रदर्शनाची तारीख जवळ आली. उरलेल्या पाककृती वहीत होत्या तशाच हिंगणघाटच्या छापखान्यात गेल्या. एकाच पुस्तिकेत दोन तऱ्हा राहिल्या त्या अशा. पुढे सगळं प्रकरण याच फरकावर फिरलं, म्हणून दोन्ही नमुने इथे देतो.

पहिला, प्रमाणित नमुन्यातला: "आंबाडीची भाजी. साहित्य: आंबाडीचा पाला १ जुडी, तूरडाळ अर्धी वाटी, ज्वारीच्या कण्या पाव वाटी, लसूण, तिखट, मीठ, तेल. कृती: पाला शिजवून पाणी काढून टाकावे. डाळ व कण्या शिजवून पाल्यासोबत घोटाव्यात. वरून लसणाची फोडणी द्यावी."

दुसरा, वहीतून तसाच आलेला: "रोडग्याले घाई चालत नाही. कणिक जाडी पाह्यजे, बारीक असली त रोडगा चिवट होते. गवऱ्या लाल होऊन वरून पांढरी राख धरली का मंग रोडगे दाबाचे. आधीच दाबले त वरून जळते अन् आतून कच्चे राह्यते, मंग जेवणाऱ्यानं काही म्हटलं नाही तरी आपल्याले समजते. झाला का नाही ते टिचकी मारून पाहा. भरल्या घागरीवानी आवाज आला त कच्चा, रिकाम्या घागरीवानी आला त काढा. अन् पह्यला रोडगा चुलीपाशी बसलेल्या बाईनं खावा. तिनंच नाही खाल्ला त पंगतीले काय वाढून राह्यलो हे कोणाले माईत?"

शहरातलं पुस्तक

प्रकाशकाच्या पुस्तकाच्या लेखिका स्वयंपाकाचे वर्ग घेतात. त्यांनी गटाची पुस्तिका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून विकत घेतली होती आणि हे त्यांनी कधी नाकारलंही नाही. त्यांच्या पुस्तकात आंबाडीची भाजी होती, पाटवडी रस्सा होता, सोले भात होता, जवसाचे लाडू होते. प्रमाणित नमुन्यातल्या पाककृतींची वाक्यं त्यांनी बदलली होती. फोटो त्यांचे स्वतःचे होते. प्रकरणांची नावं आणि क्रम मात्र जवळजवळ जसाच्या तसा.

आणि रोडगे होते. "रोडग्याला घाई चालत नाही," अशी सुरुवात. पांढरी राख, न बोलणारा जेवणारा, भरली घागर, रिकामी घागर, चुलीपाशी बसलेल्या बाईने खायचा पहिला रोडगा, सगळं त्याच क्रमाने, फक्त प्रमाण मराठीत. वर एक वाक्य जोडलेलं: "माझी आजी नेहमी सांगायची." काकूंचे असे एकूण डझनभर परिच्छेद त्या पुस्तकात या ना त्या आजीच्या, आत्याच्या नावावर गेले होते.

गटाच्या बैठकीत काय बोललं गेलं

बैठकीत तीन मुद्दे जोरात आले. तिन्ही गैरसमज सर्रास आढळतात, म्हणून नोंदवतो.

पहिला, आपल्या भागातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, मग त्या हळदीच्या पाककृतीही राखीव असल्या पाहिजेत. तसं नाही. मानांकन १९९९ च्या वेगळ्या कायद्याखाली मिळतं आणि ते त्या भागात पिकणाऱ्या हळदीच्या नावाचं रक्षण करतं. ती हळद घालून केलेला पदार्थ कुणीही करू शकतो, कुणीही त्याची कृती लिहू शकतो.

दुसरा मुद्दा पेटंटचा. एका ताईंनी विचारलं, "अमेरिकेतून हळदीचं पेटंट परत आणलं ना आपण? मग हे का नाही?" प्रश्न चांगला होता आणि त्याच्या उत्तरातच या प्रकरणाचं मर्म आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये तिथल्या एका विद्यापीठाला दिलं गेलं होतं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण आपण तिथे काय म्हणालो? हे ज्ञान भारतात पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी आहे, ते नवीन नाही, त्यावर कुणा एकाचा हक्क असू शकत नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(पी) हेच सांगतं की पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही. ज्या तत्त्वाने परदेशी विद्यापीठाला हळदीवर कुंपण घालू दिलं नाही, तेच तत्त्व या गटालाही रोडग्यांवर कुंपण घालू देत नाही. हे ऐकून बैठक थोडी हिरमुसली. माझ्या मते मात्र यात तोटा नाही. पाटवडी रस्सा ज्या दिवशी एखाद्या कंपनीच्या मालकीचा होऊ शकेल, त्या दिवशी सगळ्यात आधी गटांचेच स्टॉल बंद पडतील.

तिसरा मुद्दा पुराव्याचा, आणि तो ताईंचा. पुस्तिकेतल्या जवसाच्या लाडवांत एक चूक राहून गेली होती. साहित्यात तीळ आहेत, कृतीत ते कुठेच घातलेले नाहीत. शहरातल्या पुस्तकातही साहित्यात तीळ होते आणि कृतीतून गायब होते. ताई म्हणाल्या, याहून मोठा पुरावा काय हवा? नकल केल्याचा पुरावा म्हणून हे खरोखर पक्कं आहे. न्यायालयंही अशा सारख्या चुकांना वजन देतात. पण नकल झाली हे सिद्ध करणं ही अर्धीच पायरी आहे. ज्याची नकल झाली त्यावर तुमचा हक्क होता का, हा दुसरा प्रश्न उरतोच. लाडवांचं साहित्य आणि चार ओळींची कृती यावर तो हक्क नव्हता.

कायदा काय पाहतो

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. कलम १३ प्रमाणे 'मूळ' साहित्यकृतीला संरक्षण मिळतं. साहित्यकृती म्हणजे लिहून व्यक्त झालेलं काही. कल्पना, पद्धत, प्रक्रिया यांना ते नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या, बौद्धिक संपदेवरच्या ट्रिप्स करारातही कलम ९(२) मध्ये हे स्पष्ट आहे आणि भारत १ जानेवारी १९९५ पासून त्या संघटनेचा सदस्य आहे.

भारतातला आधारस्तंभ निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स, १९७८. 'हम हिंदुस्तानी' या नाटकाच्या लेखकाचं म्हणणं होतं की 'न्यू दिल्ली' हा चित्रपट त्यांच्या नाटकावरून उचलला. दोन्हींत प्रांतवादाचा विषय होता, पंजाबी आणि मद्रासी कुटुंबं होती. न्यायालयाने नाटककाराचा दावा फेटाळला. विषय, कल्पना, कथासूत्र, ऐतिहासिक किंवा दंतकथेतल्या गोष्टी यांवर कॉपीराइट नसतो, संरक्षण असतं ते मांडणीला, हे तिथे ठरलं. कसोटीही साधी दिली: दोन्ही कृती वाचणाऱ्या किंवा पाहणाऱ्याच्या मनावर, दुसरी ही पहिलीची नक्कल आहे, असा स्पष्ट ठसा उमटतो का?

खास पाककृतींवरचा एक गाजलेला निकाल अमेरिकेतला आहे, पब्लिकेशन्स इंटरनॅशनल विरुद्ध मेरेडिथ, १९९६. दह्याच्या पाककृतींच्या पुस्तकावरून वाद होता. सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं की साहित्याची यादी आणि पदार्थ करण्याच्या सरळ सूचना या कृतीच्या पायऱ्या आहेत, त्यांना संरक्षण नाही. त्याच निकालात न्यायालयाने एक दार उघडंही ठेवलं. लेखक सूचनांमध्ये आपलं चिंतन, एखाद्या पदार्थाच्या वासाशी जोडलेल्या आठवणी गुंफत असेल, तर गोष्ट वेगळी ठरू शकते. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण त्यातला तर्क १९७८ च्या आपल्या निकालाशी जुळतो.

आता हे आपल्या दोन नमुन्यांवर ठेवून पाहा. आंबाडीच्या भाजीची ती कृती दुसऱ्या कुणी लिहायला घेतली तर फार वेगळं काय लिहील? पाला शिजवा, पाणी काढा, डाळ-कण्यांसोबत घोटा, फोडणी द्या. सांगण्याच्या वाटाच मोजक्या असतात, तेव्हा शब्द राखीव केले तर पदार्थच राखीव होतो, आणि ते कायद्याला नको आहे. रोडग्यांच्या परिच्छेदाचं तसं नाही. रोडगा भाजण्याची पद्धत कुणीही सांगावी. पण न बोलणारा जेवणारा, घागरीचा आवाज आणि पहिला रोडगा खाणारी बाई या तीन गोष्टी त्या क्रमाने, त्या सुरात आणण्याची रोडगा भाजायला काहीच गरज नाही. ती काकूंची निवड आहे. वऱ्हाडीचं प्रमाण मराठी केल्याने ती निवड लेखिकेची होत नाही.

हक्क नेमका कुणाचा?

या भागाने सगळ्यांना चकित केलं. पुस्तिकेच्या मागच्या पानावर "सर्व हक्क गटाकडे" असं छापलं होतं. पण कलम १७ प्रमाणे पहिला हक्क लेखकाचा असतो. काकू आणि ताई गटाच्या पगारी नोकर नव्हत्या. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी, सही केलेला कागद लागतो आणि असा कागद झालेलाच नव्हता. मागच्या पानावरच्या छापील ओळीने हक्क हलत नाही. म्हणजे बोललेल्या मजकुराच्या मालक काकू आणि निवड व मांडणीच्या मालक ताई. वाक्यं शब्दशः काकूंची असल्याने ती उतरवून घेतली एवढ्यावरून ताई त्यांच्या लेखिका ठरत नाहीत. हे ताईंनी स्वतःच बैठकीत सांगितलं आणि त्यांच्या या सरळपणामुळे पुढचं काम सोपं झालं. शिवाय गट नोंदणीकृत संस्था नव्हता, त्यामुळे गटाच्या नावाने दावा लावणंही अडचणीचं होतं. नोटीस काकू आणि ताई यांच्या नावाने जायची ठरली.

"पण आम्ही कॉपीराइट काढलाच नव्हता," ही भीती होती. कॉपीराइट काढावा लागत नाही, कृती लिहिली गेली की तो जन्मतो. नोंदणी ऐच्छिक आहे. ती केली तर कलम ४८ प्रमाणे प्रथमदर्शनी पुरावा म्हणून कामी येते एवढंच. या प्रकरणात पुरावा भरपूर होता: ताईंची वही, छापखान्याचं तारखेचं बिल आणि मोबाइलमधली रेकॉर्डिंग. शहरातलं पुस्तक निघण्याच्या कितीतरी आधीच्या तारखेच्या फाइलमध्ये काकूंचा आवाज घागरीचं वाक्य बोलत होता.

काही जणींना थेट पोलिस ठाण्यात जायचं होतं. कलम ६३ खाली कॉपीराइटचा भंग हा गुन्हा आहे आणि तो दखलपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे, तेव्हा वाट मोकळी होती. पण तिथे "साठ पाककृती चोरल्या" अशी तक्रार गेली असती आणि त्यातल्या बऱ्याच पहिल्याच प्रश्नाला गळाल्या असत्या. मोजकी आणि नेमकी मागणी करणारी नोटीस हा शहाणपणाचा रस्ता होता. कलम ६२ ची मदत होती: फिर्यादी राहतो त्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. पुस्तक तिथेही विकलं जात होतं. वर्ध्यात उभं राहता येईल म्हटल्यावर काकूंचा निम्मा ताण उतरला.

नोटीस आणि उत्तर

नोटिशीत पदार्थांचा उल्लेखच केला नाही. डावीकडे काकूंचा परिच्छेद, उजवीकडे पुस्तकातला, असे डझनभर तक्ते जोडले. मागण्या तीन: परिच्छेद काढा किंवा रीतसर परवानगी घ्या, काकूंचं नाव छापा, मोबदला द्या. नावाच्या मागणीमागे कलम ५७ होतं. हक्क विकला तरी कृतीचा कर्ता म्हणून आपलं नाव सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

प्रकाशकाचं पहिलं उत्तर अपेक्षित होतं: या पाककृती पारंपरिक आहेत, त्यांवर कुणाचा हक्क नाही. नोटिशीत पाककृतींवर दावा केलेलाच नसल्याने या उत्तराने काहीच साधलं नाही. उत्तराचा दुसरा भाग बोचरा होता. गटाच्या पुस्तिकेतले दोन पदार्थ एका वृत्तपत्राच्या पुरवणीतून प्रस्तावनेसकट शब्दशः घेतले आहेत, असं त्यांनी दाखवून दिलं. गटाने तपासलं तर ते खरं निघालं. एका सदस्येने कात्रण पाहून लिहून दिलं होतं. ते पदार्थ पुढच्या आवृत्तीतून काढत असल्याचं गटाने लगेच लेखी कळवलं. हे योग्यच केलं. जो हक्क आपण मागतो तो समोरच्यालाही द्यावा लागतो.

तडजोड झाली ती अशी: काकूंचे परिच्छेद पुढच्या छपाईत त्यांच्या नावाने, वऱ्हाडीतच जातील. परवानगी फक्त त्या पुस्तकापुरती, फक्त छापील स्वरूपात, ३ वर्षांसाठी. मुदत लिहिणं महत्त्वाचं होतं, कारण करारात मुदत नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर संपूर्ण भारत. मोबदला काकूंच्या खात्यात एकरकमी जमा झाला. "माझी आजी सांगायची" ही ओळ गेली. काकूंना पैशाहून याचं समाधान जास्त वाटलं, असं त्यांनी मला सांगितलं.

प्रमाणित नमुन्याबद्दल

या प्रकरणात मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट प्रकाशकाकडची नाही. काकूंच्या आंबाडीच्या भाजीचं मूळ रेकॉर्डिंग मी ऐकलं आहे. पाला कुठल्या नक्षत्रात तोडावा, सासूने पहिल्यांदा करायला लावली तेव्हा काय झालं, कण्या जास्त पडल्या तर भाजी कशी रुसते, असं पाच-सहा मिनिटांचं बोलणं आहे. ते छापलं असतं तर आंबाडीही रोडग्यांइतकीच भक्कम उभी राहिली असती. प्रमाणित नमुन्याने त्यातलं नेमकं तेच काढून टाकलं ज्याला कायदा ओळखतो, आणि नेमकं तेच ठेवलं ज्याला ओळखत नाही. बोलीभाषा 'अशुद्ध' म्हणून छाटली जाते तेव्हा गावातल्या बाईची एकमेव मालमत्ताही तिच्याबरोबर छाटली जाते. माप हवंच, नव्या मुलींना वाटी-चमचा कळायला हवा. ते वेगळ्या चौकटीत द्यावं. काकूंचं बोलणं मात्र तसंच राहू द्यावं. बचत गटांना प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येकाला माझं हे कळकळीचं सांगणं आहे.

एका मुद्द्यावर माझं काकू-ताईंच्या बाजूच्या वकीलसाहेबांशी पटलं नाही. प्रकरणांची रचना आणि त्यांची नावं तडजोडीत सोडून दिली गेली. पुस्तक शेतीच्या हंगामावर लावावं ही कल्पना झाली, ती सगळ्यांना खुली आहे, हे मान्य. पण त्याच सहा भागांत, त्याच क्रमाने, जवळपास तेच पदार्थ निवडून बसवणं ही कल्पनेच्या पुढची गोष्ट आहे. कलम २(ओ) संकलनालाही साहित्यकृती मानतं. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या मेहनतीला नाही, तर कौशल्य, निर्णयबुद्धी आणि थोड्या सर्जनशीलतेला हक्काचा आधार मानलं. 'हळद उकडताना' या भागात कुठले पदार्थ घालायचे हे ठरवताना ताईंनी हीच बुद्धी वापरली होती. वकीलसाहेबांचं म्हणणं, हा मुद्दा ताणला असता तर हातातली तडजोड गेली असती. असेलही. पण तो हक्क ताईंचा होता, आणि सोडण्याआधी तो त्यांना नीट समजावून सांगायला हवा होता.

दुसऱ्या आवृत्तीचं काम सध्या चालू आहे. प्रमाणित झालेल्या पाककृती काकू पुन्हा पहिल्यापासून सांगत आहेत आणि गटातल्या आणखी तीन जणी आपापल्या सांगत आहेत. वहीतल्या प्रत्येक नोंदीवर तारीख आहे, सांगणाऱ्या बाईची सही आहे, आणि गटाला ५ वर्षांसाठी छपाईचा हक्क दिल्याचा सहीचा कागद जोडलेला आहे.